सोलापुरात रॉक अल्बमचे ध्वनिमुद्रण: गिटारसाठी कोणते अ‍ॅम्प निवडावेत?

काळीमाती

नमस्कार मंडळी. आमच्या चौघांच्या बँडची नऊ मराठी गाणी गेल्या दोन वर्षांत बसली असून ती येत्या मे महिन्यात एकत्र मुद्रित करावीत, असे आम्ही ठरवले आहे. पुण्या-मुंबईच्या स्टुडिओचे सहा दिवसांचे भाडे आम्हांला परवडणारे नाही. मात्र अक्कलकोट रस्त्यावरील एमआयडीसीत माझ्या मामांचा यंत्रमागाचा कारखाना आहे. त्यातले माग विकले गेल्यापासून शेड रिकामीच आहे आणि सहा रात्रींसाठी ती वापरायला मामांनी आनंदाने होकार दिला आहे. शेड साधारण ६० फूट लांब व ३० फूट रुंद, भिंती विटांच्या, वर पत्रा.

प्रश्न अ‍ॅम्पचा आहे. अ‍ॅम्प म्हणजे गिटारचा आवाज मोठा करणारे यंत्र. गिटार दोन आहेत. मी तालाची बाजू सांभाळतो आणि माझा मित्र मुख्य सुरावट वाजवतो. पुण्याहून १०० वॅटचे मार्शल जेसीएम ८०० हेड (म्हणजे स्पीकर नसलेले नुसते अ‍ॅम्प) आणि चार स्पीकरांची पेटी भाड्याने मिळू शकते. मित्राच्या थोरल्या भावाने अमेरिकेहून येताना फेंडर डीलक्स रिव्हर्ब आणले आहे, २२ वॅटचे. ते आजवर इथे एकदाही चालू केलेले नाही. शहरातल्या एका ध्वनिव्यवस्थावाल्यांकडे रोलंड जेसी-१२० आहे. माझ्याकडे स्वतःचे ५ वॅटचे, व्हॉल्व्हचे म्हणजे काचेच्या नळ्यांचे अ‍ॅम्प आहे, ८ इंची एकाच स्पीकरचे, ज्यावर मी घरी सराव करतो. शिवाय लॅपटॉपवर अ‍ॅम्पची नक्कल करणारे सॉफ्टवेअर आहेच. रॉकचा अल्बम म्हटल्यावर १०० वॅट आणि चार स्पीकर हवेतच, असे माझे मत आहे, पण भाड्याचे पैसे एकदाच खर्च होणार असल्यामुळे अनुभवी लोकांचे ऐकून मगच ठरवावे असे वाटते.

सातरस्ता

जेसी-१२० डोळे झाकून घ्या. १९७५ पासून हे अ‍ॅम्प बनते आहे, आत व्हॉल्व्ह नाहीत, त्यामुळे तापण्याची वाट पाहावी लागत नाही आणि प्रवासात काही फुटत नाही. त्यातला स्टिरिओ कोरस दोन स्वतंत्र स्पीकरांमधून हवेत मिसळतो, तसा परिणाम दुसऱ्या कुठल्या अ‍ॅम्पमध्ये मला मिळालेला नाही. मेटॅलिकासारख्या बँडनेही स्वच्छ आवाजाच्या जागी हेच अ‍ॅम्प वापरले आहे. कॉलेजच्या स्नेहसंमेलनात मी ते सलग चार वर्षे वाजवले आणि एकदाही दगा मिळाला नाही. विरूपित, म्हणजे मुद्दाम फाटवलेला, आवाज मात्र त्याच्या अंगभूत डिस्टॉर्शनने काढू नका. तो कोरडा आणि टोचरा येतो.

रीळ_ते_रीळ

काळीमाती, तुमचा धागा वाचून बरे वाटले. शहरातल्या वाद्यवृंदांचे, भजनी मंडळांचे आणि मधूनमधून तुमच्यासारख्या तरुण बँडचे मुद्रण मी टेपच्या काळापासून करत आलो आहे, त्यामुळे थोडे सविस्तर लिहितो.

१०० वॅटचे अ‍ॅम्प ५० वॅटच्या दुप्पट मोठे वाजते, हा समज आधी मनातून काढावा. वॅट दुप्पट झाले की आवाज ३ डेसिबलने वाढतो आणि कानाला दुप्पट वाटायला सुमारे १० डेसिबल, म्हणजे दहापट वॅट लागतात. तुमच्या ५ वॅटपासून १०० वॅटपर्यंत वीसपट वॅट झाले, तरी फरक १३ डेसिबलचा. कानाच्या हिशेबाने जेमतेम अडीचपट. त्यातही स्पीकर कोणता, यावर खूप अवलंबून असते. सेलेस्टिअन कंपनीचा ग्रीनबॅक स्पीकर एका वॅटला एक मीटरवर ९८ डेसिबल देतो आणि व्हिंटेज ३० हा १०० डेसिबल. म्हणजे नुसता स्पीकर बदलला तरी वॅट दीडपट केल्यासारखे होते. तुमच्या ८ इंची स्पीकरशी तुलना केली, तर हे अंतर आणखी वाढेल.

दुसरे म्हणजे माइक अ‍ॅम्पपासून चार बोटांवर असतो. समोर हजार माणसे आहेत की रिकामी शेड आहे, हे त्याला कळत नाही. व्हॉल्व्हच्या अ‍ॅम्पचा जो गोड भाग आहे, तो पॉवर व्हॉल्व्ह दमायला लागले की येतो. १०० वॅटचे हेड त्या टप्प्यावर येईपर्यंत तुमचा पत्रा बोलू लागेल. हे मी अनुभवाने सांगतो. एका गोदामात असेच मोठे हेड लावून आम्ही दिवसभर चार गाणी मुद्रित केली. रात्री हेडफोन लावून ऐकले, तर प्रत्येक खर्जाच्या स्वरामागे छताच्या एका सैल पत्र्याची ‘झर्र’ अशी साथ होती. वाजवताना अ‍ॅम्पच्या आवाजात ती कुणालाच ऐकू आली नव्हती. संपूर्ण दिवसाचे काम आम्हांला टाकून द्यावे लागले.

भुईकोट

रीळकाकांच्या म्हणण्याला थोडी इतिहासाची जोड देतो. १९६२ मध्ये लंडनमध्ये जिम मार्शल यांच्या दुकानात पहिले मार्शल अ‍ॅम्प, जेटीएम ४५, तयार झाले, ते फेंडर बासमन या अमेरिकन अ‍ॅम्पचे सर्किट समोर ठेवून. सर्किट जवळजवळ तेच होते, पण इंग्लंडमध्ये मिळणारे सुटे भाग, निराळे व्हॉल्व्ह, निराळा ट्रान्सफॉर्मर, आणि मागून उघड्या पेटीतल्या चार १० इंची स्पीकरांऐवजी बंद पेटीत चार १२ इंची सेलेस्टिअन, एवढ्याने आवाजाचे घराणेच बदलले. माझ्या मते यातून निवडीसाठी एक गोष्ट घ्यावी: पेटी आणि स्पीकर यांना हेडइतकेच, कदाचित अधिक, महत्त्व आहे. आपण मात्र भाड्याने आणताना हेडचे नाव विचारतो आणि पेटी कोणती येणार, हे विचारत नाही.

मोठ्या अ‍ॅम्पच्या आग्रहाबद्दलही एक उदाहरण देतो. क्वीन या ब्रिटिश बँडचे गिटारवादक ब्रायन मे यांच्या मुद्रणांत व्हॉक्स एसी ३० च्या जोडीने एक अगदी लहान अ‍ॅम्प ऐकू येते. त्यांच्याच बँडचे जॉन डीकन यांनी टाकून दिलेल्या कचऱ्यात सापडलेला एक सर्किटबोर्ड वापरून ते बनवले होते आणि ते ९ व्होल्टच्या बॅटरीवर चालत असे. त्या गाण्यांत गिटारचे जे थरावर थर ऐकू येतात, त्यांतले कित्येक या डबीतून आलेले आहेत.

पुणेरी_पेडल

मूळचा जुळे सोलापूरचा, आता कामानिमित्त पुण्यात. माझे मत सगळ्यांपेक्षा वेगळे आहे आणि ते मी पूर्ण गांभीर्याने मांडतो आहे: अ‍ॅम्प भाड्याने आणूच नका. १९९८ मध्ये लाइन ६ चे पॉड हे अ‍ॅम्पची नक्कल करणारे यंत्र आले, तेव्हाचा नकली आवाज डोळ्यांसमोर ठेवून लोक आजही बोलतात, पण त्यानंतर या तंत्राने फार मोठी मजल मारली आहे. केम्पर, अ‍ॅक्स-एफएक्स, क्वाड कॉर्टेक्स ही यंत्रे मोठमोठे बँड मंचावर नेतात, आणि न्यूरल अ‍ॅम्प मॉडेलर हे सॉफ्टवेअर तर पूर्णपणे मोफत आहे. अनोळखी शेड, पत्रा, शेजारच्या कारखान्यांतले माग, मे महिन्याची उष्णता आणि फक्त सहा रात्री, इतक्या अडचणी असताना गिटार थेट लॅपटॉपमध्ये घ्यावी आणि आवाज नंतर निवांत ठरवावा, यात कमीपणा काय आहे? पैसे वाचतील ते ड्रमच्या माइकवर खर्च करा. ड्रमची नक्कल मला तितकी जिवंत वाटत नाही.

ओहम

पेशाने विद्युत अभियंता आहे आणि व्हॉल्व्हची अ‍ॅम्प दुरुस्त करण्याचा छंद आहे. कुठलेही अ‍ॅम्प आणा, पण पुढील गोष्टी केल्याशिवाय खटका दाबू नका, अशी कळकळीची विनंती.

ते फेंडर अमेरिकेतून आले असेल, तर बहुधा १२० व्होल्टचे आहे. मागच्या पट्टीवर काय छापले आहे ते वाचा. आपल्या २३० व्होल्टवर ते थेट जोडले, तर पहिल्याच क्षणी फ्यूज जाईल आणि नशीब वाईट असेल तर ट्रान्सफॉर्मरही जाईल. त्यासाठी २३० चे ११० करणारा स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर मिळतो. पट्टीवर जितके वॅट लिहिले असतील, त्याच्या दुप्पट क्षमतेचा घ्या. पट्टीवर ‘६० हर्ट्झ’ एवढेच असेल, तर आपल्या ५० हर्ट्झवर अ‍ॅम्पचा मूळ ट्रान्सफॉर्मर अधिक तापतो, म्हणून दोन-दोन तासांनी त्याला विश्रांती द्या. मे महिन्यात पत्र्याखाली हे विशेष लक्षात ठेवावे.

व्होल्टेजची चढउतार तुमच्या भागात असणारच. दाब कमी झाला की व्हॉल्व्हच्या अ‍ॅम्पचा आवाज मऊ आणि सैल होतो. संध्याकाळी सातला घेतलेला आणि रात्री दोनला घेतलेला ठेका एकाच गाण्यात जोडला, तर फरक कळतो. स्टॅबिलायझर लावा, पण रिले असलेला साधा लावू नका. तो मध्येच ‘टक’ करतो आणि ती टक मुद्रणात येते. सर्वो स्टॅबिलायझर शांतपणे काम करतो.

आता सगळ्यांत महत्त्वाचे, अर्थिंग. जुन्या शेडमधले अर्थिंग मीठ-कोळशाच्या खड्ड्याचे असते. आपल्याकडची काळी माती उन्हाळ्यात वाळून भेगाळते, तशी ती तारेपासून सुटते आणि अर्थिंग नावापुरते उरते. मल्टिमीटरने न्यूट्रल आणि अर्थ यांच्यामधले व्होल्टेज मोजा. ते दोन-तीन व्होल्टच्या आत असावे. जास्त असेल, तर खड्ड्यात पाणी ओता आणि पुन्हा मोजा. घरघर जात नाही म्हणून कुणी प्लगची अर्थची पिन कापायला सांगेल, त्याचे मुळीच ऐकू नका. गिटारच्या तारा हातात आणि ओठ माइकला, अशा अवस्थेत बसणारा धक्का जिवावर बेततो.

शेवटचे दोन मुद्दे. स्पीकर जोडल्याशिवाय व्हॉल्व्हचे अ‍ॅम्प कधीही वाजवू नये, आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळतो. आणि आत ४०० व्होल्टच्या वर दाब असतो, जो प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये साठून राहतो. म्हणून मागची फळी उघडून हात घालण्याचे धाडस करू नका.

गड्डा

मी बास वाजवतो, म्हणून माझ्या बाजूने लिहितो. गिटारची सर्वांत जाड तार ८२ हर्ट्झची आणि बासची ४१ हर्ट्झची. चार स्पीकरांची बंद पेटी खालचा भाग एवढा फुगवते, की मिश्रणाच्या वेळी बास आणि गिटार एकमेकांच्या अंगावर पडतात आणि शेवटी गिटारचे १०० हर्ट्झखालचे सगळे कापूनच टाकावे लागते. जे कापायचेच आहे, त्यासाठी एवढी मोठी पेटी पुण्याहून का आणायची?

मंद्र_पंचम

मी शास्त्रीय संगीत शिकते, रॉक फार ऐकलेले नाही, परंतु विरूपित आवाजाबद्दल वाचताना तंबोऱ्याची जवारी आठवली आणि लिहावेसे वाटले. घोडीवर तारेखाली सुताचा दोरा सरकवून आपण जवारी लावतो, तेव्हा मूळ स्वरातले वरचे स्वयंभू स्वर फुलतात. अ‍ॅम्पचे विरूपणही मूळ स्वरात नसलेले वरचे स्वर त्यात भरते. दोरा केसभर इकडे-तिकडे झाला की जवारी बंद होते किंवा कर्कश होते, तशीच ही कळही नाजूक असणार.

दुसरी गोष्ट स्वरसंगतीची. विरूपित गिटारवर केवळ षड्ज-पंचम वाजवतात, गांधार टाळतात, असे माझ्या भावाकडून ऐकले होते, त्याचे कारण मी शोधले. षड्ज आणि पंचम यांचे प्रमाण २:३ असल्यामुळे विरूपणातून त्यांच्या फरकाचा जो नवा स्वर उमटतो, तो १, म्हणजे बरोबर खालच्या सप्तकातला षड्ज. म्हणून ती जोडी भरदार वाटते. गिटारच्या पडद्यांवरचा शुद्ध गांधार मात्र नैसर्गिक गांधारापेक्षा १४ सेंटने (सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग) चढा असतो, त्याच्या फरकाचे स्वर कशाशीच जुळत नाहीत आणि गोंगाट होतो. पंचम अवघ्या २ सेंटने उतरलेला असल्याने तो खपून जातो. तुमच्या गाण्यांत पूर्ण स्वरसंगती वाजत असतील, तर विरूपण कमी लागेल आणि अ‍ॅम्पची निवडही त्यावरून बदलेल, असे मला वाटते.

काळीमाती

मंद्र_पंचमताई, तुमचा प्रतिसाद मी बँडमध्ये मोठ्याने वाचून दाखवला. नऊपैकी चार गाण्यांत मी पूर्ण स्वरसंगती वाजवतो आणि नेमक्या त्याच गाण्यांत आमचा आवाज चिखलासारखा होतो, याचे कारण आज समजले. ओहमसर, फेंडरच्या पट्टीवर १२० व्होल्ट, ६० हर्ट्झ असेच आहे. तुम्ही वेळीच लिहिले नसते, तर आम्ही रविवारी ते थेट जोडणार होतो.

पुणेरी_पेडल यांचा मुद्दा मला पटतो आणि तरीही मन मानत नाही. अ‍ॅम्पसमोर उभे राहिल्यावर तार धरून ठेवली की स्वर आपोआप टिकतो आणि फुलतो, त्याला हाताने आवर घालत वाजवण्यात जो जिवंतपणा असतो, तो हेडफोनमध्ये मला सापडलेला नाही.

दुपारची_फेरी

मी गाते आणि गिटारही वाजवते, त्यामुळे दोन्ही बाजूंनी लिहिते. मराठी रॉकमध्ये शब्द ऐकू येत नाहीत, ही तक्रार आपण सगळेच करतो. शब्दांची स्पष्टता च, ट, ठ, स, श या व्यंजनांवर अवलंबून असते आणि ती साधारण २,००० ते ५,००० हर्ट्झच्या पट्ट्यात असतात. अति विरूपित दोन गिटार नेमका हाच पट्टा भरून टाकतात, वरून झांजा येतात आणि गायकाला मागे ढकलले जाते. म्हणून दोन गिटारसाठी दोन वेगळ्या स्वभावाची अ‍ॅम्प घ्यावीत. फेंडर डीलक्स रिव्हर्बमध्ये मधला भाग थोडा मागे असतो आणि वरचा चमकतो. मार्शलच्या घराण्यात मधला भागच पुढे असतो. दोघांनीही मार्शल घेतले, तर एकच गिटार फार मोठी वाजते आहे असे वाटेल.

पुणेरी_पेडल आणि काळीमाती यांच्यात मला विरोध दिसत नाही. गिटारची केबल आधी डीआय बॉक्समध्ये घाला. तिथून एक वाट अ‍ॅम्पला आणि दुसरी थेट मुद्रणाला जाते. अ‍ॅम्पचा आवाज माइकने येईल आणि त्याच वाजवण्याची कोरी प्रतही हाती राहील. अ‍ॅम्पचा आवाज फसला, तर कोरी प्रत रीअ‍ॅम्प बॉक्समधून पुन्हा अ‍ॅम्पला देता येते किंवा सॉफ्टवेअरला देता येते. हे केले नाही म्हणून मी माझी दोन गाणी पुन्हा वाजवली आहेत.

शेंगाचटणी

ड्रमवादकाची एकच विनंती: गिटारचे अ‍ॅम्प ड्रमच्या खोलीत नको. स्नेअर ड्रमखालच्या तारा गिटारच्या प्रत्येक स्वराला थरथरतात आणि ती थरथर नंतर काढता येत नाही.

सातरस्ता

शेडमध्ये आवाज घुमेल, त्याचे काय? सोलापुरात असताना चादरींची काय कमी! भिंतींना चादरी लावल्या की काम झाले.

रीळ_ते_रीळ

सातरस्ता, चादरीने अर्धेच काम होते आणि त्या अर्ध्या कामाने कधीकधी नुकसान होते. चादर भिंतीला चिकटवून लावली, तर ती केवळ वरच्या पट्टीतला आवाज शोषते. खर्ज तिच्यातून आरपार जातो, भिंतीवर आपटून परत येतो आणि खोली कोंदट वाटू लागते. १०० हर्ट्झच्या स्वराची लांबी साधारण ३.४ मीटर आहे, त्याच्यापुढे चादरीची जाडी ती किती? चादर वापरायचीच असेल, तर भिंतीपासून हातभर लांब दोरीवर टांगा, म्हणजे ती थोडी खालपर्यंत काम करील.

तुमच्याकडे याहून चांगली वस्तू आहे. कारखान्यात वाया गेलेल्या सुताची आणि चिंध्यांची पोती पडलेली असतील. ती कोपऱ्यांत माणसाच्या उंचीइतकी रचा आणि अ‍ॅम्पच्या तीन बाजूंनी भिंत उभी करा. सुताचे पोते दोन फूट जाड असते, ते खर्जालाही थोपवते. मात्र व्हॉल्व्ह तापतात आणि सूत पेट घेते, म्हणून अ‍ॅम्पची पाठ पोत्यांपासून किमान तीन फूट लांब असावी आणि जवळ वाळूची बादली ठेवावी.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. भुईकोट यांनी पेटीबद्दल लिहिले, ते वाचून मला एक सुचले. काळीमाती, तुमच्या ५ वॅटच्या अ‍ॅम्पला मागे बाहेरच्या स्पीकरची जागा आहे का? असेल, तर पुण्याहून हेड आणू नका, फक्त चार स्पीकरांची पेटी आणा. लहान अ‍ॅम्पचा आवाज ‘डबीतला’ वाटतो, याचे मोठे कारण त्यातला ८ इंची स्पीकर आणि वीतभर खोलीची पेटी हे असते. तेच अ‍ॅम्प चार १२ इंची स्पीकरांना जोडले, की छातीतून आल्यासारखा आवाज येतो, आणि पॉवर व्हॉल्व्ह पूर्ण दमलेले असूनही पत्रा हलत नाही. भाडेही निम्म्याच्या आत येईल. गड्डा यांची तक्रार रास्त आहे, पण खालचे थोडे कापावे लागले तरी चालेल. पेटीमुळे जो मधला भाग भरतो, तो नंतर कुठूनही आणता येत नाही.

ओहम

रीळकाकांची सूचना उत्तम आहे, फक्त ओहम जुळवा. पेटीच्या मागे १६, ८ की ४ ओहम लिहिले आहे ते पाहा आणि अ‍ॅम्पच्या त्याच आकड्याच्या खोबणीत तार घाला. तार स्पीकरची जाड, दोन पदरी हवी. गिटार जोडायची केबल वापरू नका.

पुणेरी_पेडल

डीआयची कोरी प्रत घेणार असाल, तर माझा विरोध मी मागे घेतो. पेटी आणायला मदत हवी असल्यास सांगा, दर महिन्याला टेम्पोने सामान घेऊन सोलापूरला माझी फेरी असते. २५० किलोमीटर आहे, पेटी आडवी न ठेवता उभी बांधू आणि कोपऱ्यांना चादरी देऊ.

काळीमाती

चाचणी झाली. सविस्तर लिहितो.

शनिवारी दुपारी आधी अर्थिंग मोजले. न्यूट्रल आणि अर्थ यांच्यात १४ व्होल्ट! खड्डा शेडच्या मागे बाभळीखाली होता. वरचे झाकण काढले, तर कोळसा दिसेनासा झाला होता आणि मातीला बोट जाईल एवढी भेग होती. सहा बादल्या पाणी पहिल्या तासात नुसते पिऊन टाकले. सातवी थोडी वर थांबली. संध्याकाळी पुन्हा मोजले तेव्हा ३ व्होल्ट होते. त्याआधी फेंडर लावल्यावर येणारी घरघर निम्म्याहून कमी झाली. उरलेली घरघर मी गिटार धरून स्वतःभोवती फिरलो की कमी-जास्त होत होती, म्हणजे ती पिकअपमधून, गिटारवरच्या तारांची कंपने टिपणाऱ्या चुंबकातून, येत होती. शेजारच्या मागांच्या मोटारींकडे पाठ केल्यावर ती जवळजवळ नाहीशी झाली. आता त्या जागी खडूने दोन पावले काढून ठेवली आहेत.

मग पाचही पर्यायांवर तेच एक कडवे वाजवले. जेसीएम हेड पेटी आणतानाच दोन दिवसांसाठी मिळाले, म्हणून तेही तपासले. दुपारची_फेरी यांनी मला वेगळ्याने कळवले होते, त्याप्रमाणे सगळ्या मुद्रणांचा आवाज एका पातळीवर आणला, कारण जे मोठे वाजते ते कानाला आपोआप चांगले वाटते, आणि नावे लपवून बासवाल्याला व ड्रमवाल्याला ऐकवले. तालासाठी दोघांनीही वेगवेगळे बसून एकच क्रमांक सांगितला, आणि तो माझ्या ५ वॅटच्या अ‍ॅम्पचा निघाला, पेटीला १६ ओहमवर जोडलेल्या. १०० वॅटचे हेड मास्टर (एकूण आवाजाची कळ) खाली ठेवून वाजवले तर पातळ वाटले, आणि वर नेले तेव्हा उत्तरेकडच्या तिसऱ्या पत्र्याने रीळकाकांनी लिहिला तोच आवाज काढला. मी स्वतः हेडचाच क्रमांक ओळखीन असे समजत होतो, पण मीदेखील लहान अ‍ॅम्पलाच पसंती दिली होती.

माइकचीही गंमत पाहिली. विजेरीचा झोत जाळीवर तिरका टाकला की आतला स्पीकरचा शंकू दिसतो. मधोमध एसएम ५७ हा माइक ठेवला तर आवाज पत्र्यासारखा. तिथून दोन बोटे कडेला सरकवला आणि टोचणे गेले. आणखी दोन बोटे सरकवला तर गोधडीत गुंडाळल्यासारखा झाला. ही चार बोटे अ‍ॅम्पच्या कुठल्याही कळीपेक्षा जास्त फरक करतात, हे कुणी सांगितले असते तर मी मान्य केले नसते. चार स्पीकरांपैकी डावीकडचा खालचा सर्वांत गोल वाजतो, त्याच्या जाळीवर खडूची खूण केली आहे. दुसरा माइक ३४ सेंटिमीटर मागे लावून पाहिला, पण दोन्ही एकत्र केल्यावर मधला भाग पोकळ झाला, म्हणून तो काढून टाकला.

तर निवड अशी: तालासाठी लहान अ‍ॅम्प आणि मोठी पेटी, मित्राच्या सुरावटीसाठी फेंडर, आवाज पाचच्या आसपास आणि पुढे एक ओव्हरड्राइव्ह पेडल, ज्या दोन गाण्यांची सुरुवात संथ आणि स्वच्छ आहे, तिथे जेसी-१२०. पूर्ण स्वरसंगतीच्या चार गाण्यांत मी गेन, म्हणजे विरूपण वाढवणारी कळ, निम्म्यावर आणला आहे आणि तोच ठेका दोनदा वाजवून डावी-उजवीकडे ठेवणार आहे. डीआयची कोरी प्रत प्रत्येक गाण्याची राहील. ड्रम शेडच्या दुसऱ्या टोकाला, मामांच्या जुन्या कार्यालयाच्या खोलीत.

दुपारची_फेरी

चाचणीतले कडवे पाठवलेत ते ऐकले. ‘ठ’ आणि ‘च’ स्वच्छ ऐकू येतात. फेंडरवरचा ट्रेबल अर्ध्या रेघेने खाली घ्या, झांजा आल्यावर तो जास्त वाटेल.

रीळ_ते_रीळ

उत्तरेकडच्या त्या तिसऱ्या पत्र्याचे बोल्ट मुद्रणाआधी आवळून घ्या आणि मध्ये रबराची वॉशर घाला. लहान अ‍ॅम्पने तो आज हलला नाही, तरी बासने हलेल. पहिल्या रात्री मी येतो आहे.

ओहम

खड्ड्यात रोज संध्याकाळी पाणी घालत राहा, मे संपेपर्यंत एक दिवसही चुकवू नका.